कोर्टातली मुलांची साक्ष रूम: सहा वर्षं सपोर्ट पर्सन म्हणून काम करून झालेलं माझं मत

ज्यांच्या मुलीला किंवा मुलाला पोक्सोच्या (म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) केसमध्ये साक्षीचं समन्स आलंय आणि तिथे गेल्यावर काय होणार या विचाराने घरात कोणाला झोप नाहीये, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. मी सपोर्ट पर्सन आहे, सहा वर्षं झाली या कामाला. जिल्हा कुठला, कोर्ट कुठलं ते लिहिणार नाही, पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही बाहेर जायला नको आणि छोट्या जिल्ह्यात कोर्टाचं नाव सांगितलं तरी लोक केस ओळखतात. पुढे ज्या मुलांबद्दल लिहिलंय त्यांचं वय वगैरे बदललंय.

सपोर्ट पर्सन म्हणजे काय हे आधी सांगते, कारण दहातले आठ पालक मला पहिल्या भेटीत वकील समजतात. मी वकील नाही. पोलिसांनी गुन्हा दाखल केला की २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं, आणि पालकांची आणि मुलाची तयारी असेल तर समिती त्या मुलासाठी एक माणूस नेमते, तपासापासून निकालापर्यंत सोबत राहायला. ही तरतूद २०२० च्या पोक्सो नियमांत आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सपोर्ट पर्सन देणं ऐच्छिक समजू नका, द्यायलाच पाहिजे. तुम्हाला कोणी भेटलंच नसेल तर बालकल्याण समितीच्या ऑफिसला जाऊन लेखी मागा, एक पैसा लागत नाही.

आता रूमबद्दल. पाटीवर असुरक्षित साक्षीदार केंद्र लिहिलंय पण आम्ही सगळे साक्ष रूमच म्हणतो. दिल्लीत कडकडडूमा कोर्टात २०१२ मध्येच असं केंद्र सुरू झालं होतं, आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात हालचाल झाली ती जानेवारी २०२२ नंतर, सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सगळ्या हायकोर्टांना आदेश दिला की अशी केंद्रं करा, आणि लक्ष ठेवायला न्यायमूर्ती गीता मित्तल यांची कमिटी नेमली. आणि ती फक्त मुलांसाठी नाहीत हं. लैंगिक अत्याचार झालेली कोणत्याही वयाची व्यक्ती, ऐकू न येणारे, बोलता न येणारे, मानसिक आजार असलेले, ज्यांना धमक्या येतायत असे साक्षीदार, सगळ्यांना ही सोय मागता येते. हे फार जणांना माहीत नाही, काही वकिलांनाही नाही.

आधी काय होतं ते मी पाहिलंय म्हणून मला या रूमची किंमत कळते. वऱ्हांड्यात एक लाकडी बाकडं, त्यावर मुलगी आणि आई सकाळी साडेदहापासून बसलेल्या, आणि समोरून आरोपीला पोलीस घेऊन जातायत, त्याच वऱ्हांड्यातून, हात लावता येईल एवढ्या अंतरावरून. कायद्यात तेव्हाही होतंच की आरोपी मुलासमोर येता कामा नये, कलम ३६, पण वऱ्हांडा एकच असेल तर कलम काय करणार. कोर्टात मग साक्षीच्या वेळी पडदा लावायचे, पडदा म्हणजे लोखंडी फ्रेमवर हिरवं कापड, त्याखालून आरोपीची चप्पल दिसायची. एक मुलगी पूर्ण साक्ष होईपर्यंत त्या चपलेकडेच बघत होती, ते मी विसरू शकत नाही.

आता मागच्या बाजूने वेगळं गेट आहे, रेकॉर्ड रूमच्या शेजारून. आत दोन खोल्या. पहिली थांबायची, तिथे गालिचा, एक कॉट, खेळणी, चित्रांची पुस्तकं, कॅरम आहे त्याचा स्ट्रायकर हरवलाय म्हणून मुलं बाटलीच्या झाकणाने खेळतात. दुसऱ्या खोलीत टेबल, माईक, कॅमेरा आणि स्क्रीन. स्क्रीनवर मुलाला फक्त जजसाहेब दिसतात. आरोपी तिकडे कोर्टात असतो, त्याला ऐकू येतं, त्याच्या वकिलाशी बोलता येतं, तो त्याचा हक्कच आहे, पण मुलाला तो दिसत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बचाव पक्षाचा वकील थेट मुलावर प्रश्न फेकू शकत नाही, प्रश्न जजना सांगायचा आणि जज तो विचारणार, कलम ३३. हे प्रत्येक कोर्टात तंतोतंत होत नाही हे मला माहितीये, मी दुसऱ्या तालुक्याला गेले तेव्हा वकील सरळ ओरडून विचारत होता आणि कोणी थांबवलं नाही, पण आमच्या इथे सध्याच्या जज मॅडम हे पाळतात.

एक दिवस सांगते. मुलगी लहान, साक्षीला बसली. सरकारी वकील नाव विचारतात, शाळा विचारतात, ती मान हलवते. मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या, बाळा मान हलवलीस तर या टाईप करणाऱ्या ताईंना काही लिहिता येत नाही, तोंडाने सांगशील का. मुलीने वळून स्टेनोताईंकडे बघितलं, त्यांनी हात कीबोर्डवर तयार ठेवला होता, आणि मग ती प्रत्येक वाक्य बोलली की थांबायची, ताईंची बोटं थांबली की पुढचं बोलायची. अख्खी साक्ष अशी झाली. जे तिने घटनेनंतर कित्येक महिने आईलाही नीट सांगितलं नव्हतं ते तिने त्या टायपिंगच्या आवाजाला धरून सांगितलं. मधे दोनदा ब्रेक मागितला, दोन्ही वेळा मिळाला, एकदा पाणी प्यायली आणि एकदा नुसती कॉटवर पालथी पडून राहिली दहा मिनिटं. मी मागे बसले होते. मला बोलायची परवानगी नसते, खुणा तर अजिबातच नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, त्या ताईंनी सगळं लिहिलं ना? मी म्हटलं हो, सगळं.

तर या रूममुळे काय होतं ते हे. मनापासून सांगते, रूम चांगली आहे.

आता जे चांगलं नाही ते. टॉयलेट. खोलीला लागून टॉयलेट नाही. मुलाला जायचं असेल तर दार उघडून मुख्य वऱ्हांड्यातून पलीकडच्या टोकाला जावं लागतं, म्हणजे मागच्या गेटने लपवून आणलेल्या मुलाला आम्ही स्वतःच गर्दीत नेतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलीला घेऊन गेले तर दाराबाहेरच्या बाकावर आरोपीचा मामा बसलेला. तो काही बोलला नाही, फक्त उठून उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. मुलगी परत खोलीत आली ती टॉयलेटला न जाताच, आणि साक्षीला बसल्यावर पहिल्या तीन प्रश्नांना "आठवत नाही" म्हणाली. मी पैरवीच्या, म्हणजे पोलिसांकडून कोर्टाचं काम बघणाऱ्या, कॉन्स्टेबल मॅडमना सांगितलं, त्यांनी सरकारी वकिलांना सांगितलं, जजसाहेबांनी लगेच अर्धा तास साक्ष थांबवली आणि वऱ्हांडा रिकामा करायला लावला, मग पुढे नीट झालं. पण विचार करा, त्या मॅडम त्या दिवशी रजेवर असत्या तर रेकॉर्डवर "आठवत नाही"च राहिलं असतं आणि उद्या कोणीतरी म्हणालं असतं मुलगी फितूर झाली. मुलं फितूर होतात म्हणून जे बोललं जातं ना, त्यातलं किती या अशा गोष्टींनी होत असेल. आता मी आधी वऱ्हांडा बघून येते, मग एक कॉन्स्टेबल पुढे, मी मागे, असं नेते. ते काही बरोबर नाही, मुलाला वाटतं आपणच आरोपी आहोत.

दुसरं म्हणजे वेळ. समन्सवर साडेदहा किंवा अकरा लिहिलेलं असतं आणि साक्ष तीन-चारला निघते, कधी निघतच नाही. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, चाळीस मॅटर असतात, जामिनाचे अर्ज असतात, वकील दुसऱ्या कोर्टात असतो, तारीख पडते. कायद्यात लिहिलंय की कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण, कलम ३५. माझ्याकडची एक मुलगी घटनेच्या वेळी पाचवीत होती आणि साक्ष झाली तेव्हा आठवीत. तीन वर्षं त्या पोराने ते डोक्यात जपून ठेवायचं, विसरायचं नाही कारण कोर्टात सांगायचंय, आणि आम्ही समुपदेशनात म्हणणार की आता ते मागे टाक. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तारीख पडली की मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ऊसतोड कामगारांच्या घरांची. समन्स गावच्या पत्त्यावर जातं, घराला कुलूप, कुटुंब कारखान्यावर, दिवाळीनंतर गेलेले ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, मुकादम सोडत नाही, एक कोयता (नवरा-बायकोची जोडी) बंद राहिला तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापतात. मी एकदा टोळी शोधत फडापर्यंत गेले होते, आईला तारीख सांगितली तर ती म्हणाली ताई येते पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार आणि एसटीचं भाडं. यासाठी नियमात सोय आहे, बालकल्याण समिती तातडीची मदत द्यायला सांगू शकते, प्रवास, जेवण, कपडे यासाठी, आणि ते पैसे आठवड्याभरात मिळायला पाहिजेत. साक्षीदार भत्ताही असतो. पण हे मागायला कोणीतरी सांगावं लागतं, आपोआप काही येत नाही. त्या बाईला पैसे मिळाले, पण तारखेनंतर मिळाले. तारखेला ती मुकादमाकडूनच उसने घेऊन आली होती.

भाषेचंही तेच. पावरी, गोरमाटी, भिली बोलणारी मुलं येतात, शाळेतली मराठी येते त्यांना पण असल्या गोष्टी सांगायचे शब्द शाळेच्या मराठीत नसतात. कलम ३८ प्रमाणे दुभाषी मागता येतो. तारखेच्या दिवशी मागू नका, मिळत नाही, आधीच अर्ज द्या.

आवाजाचा प्रॉब्लेम पण आहे, मधेच लिंक तुटते आणि मुलाला तेच परत सांगावं लागतं. माईक बदलून दिलाय आता, बघू.

स्टाफबद्दल तक्रार नाही उलट. पैरवीच्या मॅडम साध्या कपड्यांत येतात, वर्दी घालून या खोलीत कधी आल्या नाहीत. पट्टेवाले काका स्वतःच्या खिशातून पार्ले-जीचे पुडे आणून ठेवतात, सांगायला नको म्हणतात म्हणून नाव लिहीत नाही. कोर्टाच्या ऑफिसातल्या शिरस्तेदार साहेबांना आदल्या दिवशी फोन केला तर उद्या बोर्डावर किती मॅटर आहेत ते खरं सांगतात, त्यामुळे कधीकधी मुलाला दुपारी जेवूनच आणता येतं. हा एक फोन सगळ्या खेळण्यांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे माझ्या मते.

पालकांनी काय करायचं ते सांगते, जसं आठवतंय तसं. तारखेच्या आधी एकदा मुलाला रिकामी रूम दाखवायला आणा, आमच्याकडे अर्ज दिला की देतात. मुलाला स्क्रीन, माईक, खुर्ची बघू द्या, खुर्ची गोल फिरते, सगळी मुलं आधी ती फिरवतात, ते आधीच होऊन गेलेलं बरं. घरी साक्षीची "तयारी" करून घेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. पाठ करून घेतलेलं लगेच कळतं आणि उलटतपासात पहिला प्रश्न तोच असतो, तुला कोणी शिकवलं का इथे काय बोलायचं ते, आईने सांगितलं का, या मॅडमनी सांगितलं का. मीसुद्धा घटनेबद्दल मुलाशी एक अक्षर बोलत नाही. मी फक्त एवढं सांगते की खरं तेवढं सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हण, थकलीस तर थांबायचंय म्हण.

आपला वकील लावू का असं सगळे विचारतात. सरकारी वकील हा सरकारचा असतो, तुमचा नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न बरोबर आहे. पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे तुम्ही वकील घेऊ शकता आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, मुलांना आणि बायकांना उत्पन्नाचा दाखला मागायचा नसतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ बघा, कोणी मागितला तर हे कलम दाखवा. हेल्पलाईन १५१०० आहे. फक्त एक समजून घ्या, तुमचा वकील सरकारी वकिलाला मदत करतो, स्वतः उलटतपास घेत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणून कोणी खाजगी वकील लाख रुपये मागून मी सगळी केस चालवतो म्हणत असेल तर सावध राहा.

जामिनाचं लक्ष ठेवा. आरोपीने जामिनाचा अर्ज केला की तुम्हाला कळवलं पाहिजे आणि तुमचं ऐकलं पाहिजे, बॉम्बे हायकोर्टाने २०२१ मध्ये याबद्दल सविस्तर सूचना दिल्यात. तरी मी अशा घरात गेलेय जिथे आईला जामीन झाल्याचं कळलं ते आरोपी गल्लीत बाईकवरून गेला तेव्हा. केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून ठेवा, तारीख आणि अर्ज स्वतःला दिसतात. आणि नवीन कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी लागू झालेल्या बीएनएसएसमध्ये, तपास कुठवर आलाय ते ९० दिवसांत पोलिसांनी तुम्हाला कळवायचंय, नाही कळवलं तर जाऊन विचारा, उपकार मागायला चाललोय असं वाटून घेऊ नका.

मनोधैर्य योजनेचा अर्ज राहिला असेल तर आजच विचारा. ही योजना आपल्या राज्यात २०१३ पासून आहे, नंतर रक्कम वाढवून कमाल १० लाख केली, काम विधी सेवा प्राधिकरणातून होतं. खूप लोकांना वाटतं आरोपीला शिक्षा झाली तरच पैसे. तसं नाही. पोक्सोच्या नियमांत कोर्टाला एफआयआरनंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देता येते, आणि आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाई देता येते. शेजारीपाजारी "पैशासाठी केस केली" म्हणतील, म्हणू द्या. त्या पैशातून एका मुलीची फी भरून ती आता दुसऱ्या गावी होस्टेलवर राहते, तिथे तिला कोणी ओळखत नाही.

आमच्या लोकांबद्दलही खरं लिहायला पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट होईल. सपोर्ट पर्सनला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी देऊ नये असं नियमात आहे. प्रत्यक्षात पैसे महिनोन्‌महिने अडकतात, आणि कित्येक चांगल्या मुली, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून आलेल्या, वर्षभरात सोडून जातात. त्याचा त्रास कोणाला होतो तर मुलाला. ज्या ताईवर विश्वास टाकला ती साक्षीच्या दिवशी नाही, तिच्या जागी दुसरीच कोणीतरी फाईल वाचत बसलेली. एका मुलाने मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, तुम्ही शेवटपर्यंत आहात का? त्याची मी तिसरी होते. म्हणून पालकांनो, पहिल्या दिवशी आमच्याकडून विचारून घ्या की किती केसेस आहेत तुमच्याकडे, तारखेला येणार ना, नाही आलात तर कोण येणार. आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.

पाचपैकी साडेतीन स्टार. रूमला, जजना आणि स्टाफला मिळून चार दिले असते, अर्धा टॉयलेटसाठी कापलाय. ज्यांच्या जिल्ह्यात अशी रूम आहे पण कुलूप लावून ठेवलीये आणि साक्ष अजून पडद्यामागेच घेतात, त्यांनी सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याच्यावर पोच घ्या.

टॉयलेटचं आम्ही तिसरं पत्र दिलंय. मागच्या गुरुवारी पीडब्ल्यूडीचा माणूस येऊन टेप लावून आतली भिंत मोजून गेला, कॉट सरकवली तर बसेल म्हणाला. मी म्हटलं कॉट नका काढू, कॅरमचं टेबल काढा, मुलं कॅरम खालीच खेळतात. त्याने वहीत तसं लिहून घेतलंय. काम सुरू झालं की सांगेन.